कोचला मिळतात दहा दिवस

या महिन्यात क्रिकेटचे प्रश्न बाजूला ठेवलेत, ते पुढच्या अंकात घेऊ. 18 नोव्हेंबर 2025 ला ढाक्यात आपण बांगलादेशकडून 0-1 हरलो आणि त्यानंतर जी काही पत्रं, मेसेज आले ते जवळजवळ सगळे इंडियाच्या फुटबॉल टीमबद्दल आणि कोचबद्दल होते. इंदूरमध्ये इतके मराठी लोक आपल्या टीमची मॅच बघतात हे वाचून फार बरं वाटलं, कारण मला आपलं वाटायचं की अख्ख्या लोकमान्य नगरात मी एकटाच आहे. बरेचसे प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत आणि नावांच्या ऐवजी फक्त भाग लिहिलाय.

प्रश्न : सप्टेंबरच्या अंकात तुम्ही लिहिलं होतं की खालिद जमीलला कोच केलं हे फार चांगलं झालं, आपला माणूस आहे, खेळाडूंना आतून ओळखतो, दिवाळीपर्यंत फरक दिसेल. आता सिंगापूरकडून घरच्या मैदानावर हरलो, एशियन कपमधून बाहेर झालो, वरून बांगलादेशकडून पण हरलो. अजूनही तेच म्हणणं आहे का? (एक वाचक, राजेंद्र नगर)

उत्तर : दिवाळीपर्यंत फरक दिसेल हे माझं चुकलं, सरळ कबूल करतो. बाकीचं म्हणणं तेच आहे, पण ते का ते नीट सांगायला हवं.

सप्टेंबरमध्ये मी ते लिहिलं तेव्हा डोक्यात ताजिकिस्तानची ट्रिप होती. खालिद 1 ऑगस्टला कोच झाला आणि महिना संपायच्या आत टीम घेऊन मध्य आशियातल्या देशांच्या स्पर्धेला, काफा नेशन्स कपला गेला, काही क्लबांनी तर खेळाडू सोडलेच नव्हते. पहिलीच मॅच ताजिकिस्तानशी त्यांच्याच घरात आणि आपण 2-1 जिंकलो, अन्वर अली आणि झिंगन दोघं डिफेंडर, दोघांचे गोल, गोली गुरप्रीतनं पेनल्टी अडवली. इराणकडून 0-3 हरलो ते अपेक्षितच होतं, अफगाणिस्तानशी 0-0 झालं ते मात्र खटकलं, आणि मग 8 सप्टेंबरला तिसऱ्या नंबरसाठी ओमान. ओमान रँकिंगमध्ये आपल्यापेक्षा कितीतरी वर आणि तोपर्यंत आपल्याकडून कधी हरलेला नाही. एक गोलनं मागे असताना उदांतानं बरोबरी केली आणि पेनल्टीवर 3-2 जिंकलो. त्यात आपल्या मुंबईच्या राहुल भेकेनं पण पेनल्टी शांतपणे आत घातली. त्या रात्री मला झोप लागली नाही हो, कारण त्याच्या आधीच्या दीड-दोन वर्षांत अशी एक रात्र आली नव्हती. 2024 च्या अख्ख्या वर्षात आपण एकही मॅच जिंकलो नव्हतो, एकही. त्या भरात लिहून बसलो.

मग ऑक्टोबर. 9 तारखेला सिंगापूरमध्ये झिंगनला सेकंड हाफ सुरू होता होताच रेड कार्ड, दहा जण खेळत होते तरी शेवटच्या मिनिटाला रहीम अलीनं 1-1 केलं. तो पॉइंट मला सोन्यासारखा वाटला. 14 तारखेला गोव्यात फातोर्ड्याला परतीची मॅच. आमच्याकडे दिवाळीचा फराळ चालू होता, आई सोऱ्या घेऊन चकल्या पाडत होती आणि मी तळायला बसलो होतो, फोन पिठाच्या डब्याला टेकवून. चौदाव्या मिनिटाला छांगतेनं गोल मारला आणि मी असा ओरडलो की आई घाबरून म्हणाली तेल उडालं का. मग हाफटाइमच्या अगदी आधी त्यांच्या साँग उई-यंगनं बरोबरी केली आणि 58 व्या मिनिटाला त्यानंच दुसरा मारला. पुढचा अर्धा तास आपण बॉल नुसता पुढे फेकत होतो, कोणाला फेकतोय हे कोणाला माहीत नव्हतं. संपलं. 2019 खेळलो, 2023 चा खेळलो (तो झाला 2024 च्या जानेवारीत), आणि 2027 ला सौदीत एशियन कप होईल तेव्हा आपण नसू. चकल्या कुरकुरीत झाल्या होत्या पण मला घास गिळवला नाही.

आता खालिदचा दोष किती? आहे, आणि थोडा नाही, चांगलाच आहे. एक गोल मारल्यावर टीम हळूहळू मागे सरकत गेली आणि मिडफिल्ड रिकामं पडलं, हे टीव्हीवर मला दिसत होतं तर बेंचवर त्याला दिसलं असणारच. लांब थ्रो-इन, कॉर्नर, फ्री किक यावर गोल काढणं ही त्याची जुनी पद्धत आहे, ताजिकिस्तानमध्ये ती चालली, कारण तिथे समोरचे आपल्यावर चालून येत होते. सिंगापूर फातोर्ड्याला शांतपणे बॉल फिरवत होता, तिथे बॉल काढून घेऊन स्वतःकडे ठेवणारा खेळ लागतो आणि तो आपल्याकडे तयारच नव्हता. ढाक्यात पण तेच, अकराव्या मिनिटाला मोर्सालिननं गोल मारला आणि उरलेल्या ऐंशी मिनिटांत आपल्याला एक परत करता आला नाही. बांगलादेश 2003 नंतर पहिल्यांदा आपल्याला हरवून गेला, बावीस वर्षांनी. हे कोचच्या खात्यात जमा होणारच.

पण माणूस चुकला म्हणजे निवड चुकली असं मी म्हणणार नाही, त्याचं कारण पुढच्या उत्तरात.

प्रश्न : स्टिमॅक वाईट होता म्हणून काढला, मानोलो वाईट होता म्हणून गेला, आता खालिद पण वाईट. मग चांगला कोण? की फेडरेशन दर वर्षी कोच बदलणार आणि आपण दर वर्षी आशा लावून बसणार? (दोन वाचक, सुदामा नगर आणि वैशाली नगर, देवासहूनही हाच प्रश्न)

उत्तर : तुमचा राग मला पूर्ण समजतो, माझाही तोच आहे, फक्त माझा रोख थोडा वेगळीकडे आहे.

आधी हिशोब बघू. इगोर स्टिमॅक क्रोएशियाचा, 1998 च्या वर्ल्ड कपमध्ये तिसऱ्या आलेल्या टीममधला डिफेंडर, आपल्याकडे 2019 च्या मे महिन्यात आला. 2023 मध्ये त्यानं इंटरकॉन्टिनेंटल कप जिंकला, बेंगळुरूला कुवेतला पेनल्टीवर हरवून सॅफ म्हणजे दक्षिण आशियाची स्पर्धा जिंकली, आपण रँकिंगमध्ये 99 वर पोचलो. नोव्हेंबरमध्ये कुवेतला त्यांच्या घरी जाऊन 1-0 हरवलं. मग 2024 चा जानेवारी उजाडला आणि एशियन कपमध्ये तीन मॅच, तीन हार, गोल शून्य. मार्चमध्ये गुवाहाटीला अफगाणिस्तानकडून 1-2, ती कॅप्टन सुनील छेत्रीची दीडशेवी मॅच होती आणि आपला एकमेव गोल पण त्याचाच. जूनमध्ये कोलकात्यात कुवेतशी 0-0 करून छेत्री रिटायर झाला आणि पाच दिवसांनी दोहाला कतारकडून 1-2, ज्यात बॉल लाइनच्या बाहेर गेलेला स्पष्ट दिसतोय तरी रेफरीनं गोल दिला. ते दृश्य आठवलं की अजून माझ्या पोटात कालवतं. 17 जूनला स्टिमॅकला काढलं, कॉन्ट्रॅक्ट बाकी होतं म्हणून भरपाई पण द्यावी लागली.

मग मानोलो मार्केझ. माणूस हुशार, हैदराबाद क्लबला आयएसएल, म्हणजे देशातली सगळ्यात वरची लीग, जिंकवून दिलेली. पण त्याला इंडियाचा कोच केलं तेव्हा तो एफसी गोवाचा पण कोच होता आणि अख्खा 2024-25 चा सीझन दोन्ही नोकऱ्या करत होता. मी तेव्हाही म्हणत होतो आणि आताही म्हणतो की हे देशाच्या टीमच्या बाबतीत करायला नको होतं. क्लबचा कोच शनिवारची मॅच संपली की बुधवारच्या मॅचचा विचार करतो, त्याच्या डोक्यात इंडियाला जागा उरणार कुठे? आठ मॅचमध्ये एक विजय, तो पण मालदीवशी. शिलाँगला बांगलादेशशी 0-0, मग हाँगकाँगला शेवटच्या क्षणी पेनल्टी देऊन 0-1. जुलैमध्ये तोही गेला. म्हणजे चौदा महिन्यांच्या आत तिसरा कोच.

आता माझं खरं म्हणणं ऐका. नॅशनल टीमच्या कोचला खेळाडू मिळतात किती दिवस? फिफाची विंडो असते तेव्हा, म्हणजे क्लबांनी खेळाडू देशाच्या टीमला सोडायचेच असे ठरलेले दिवस. 2025 मध्ये मार्च, जून, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर अशा पाच, एकेक साधारण नऊ-दहा दिवसांची. त्यातला एक दिवस प्रवासात, एक-दोन मॅचचे, एक-दोन थकवा उतरवायचे. उरले पाच-सहा दिवस ट्रेनिंगचे. वर्षाचे सगळे मिळून पन्नास दिवस धरा, उरलेले तीनशे पंधरा दिवस पोरगा क्लबकडे असतो. तिथे तो काय खातो, कुठल्या जागेवर खेळतो, खेळतो की बेंचवर बसतो, वर्षात किती मॅच खेळतो, यातलं एकही इंडियाच्या कोचच्या हातात नाही. आपण पन्नास दिवसांच्या माणसाला बोलतो आणि तीनशे पंधरा दिवसांबद्दल कोणालाच विचारत नाही.

आणि 2025 मध्ये तर हद्द झाली. फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबरमध्ये संपणार होता, नवीन ठरेना, म्हणून जुलैमध्येच आयएसएलचा पुढचा सीझन थांबवून ठेवला. ज्या पोरांनी सप्टेंबरपासून दर आठवड्याला मॅच खेळायच्या ती घरी किंवा जिममध्ये. काही क्लबांनी ट्रेनिंग पण बंद केलं. ही अशी पोरं घेऊन खालिदला सिंगापूरशी खेळायचं होतं. तुम्ही कधी दोन महिने न खेळता एकदम नव्वद मिनिटं पळून बघा, साठाव्या मिनिटाला पाय शिशासारखे होतात, मी रविवारी सकाळच्या आमच्या साध्या मॅचमध्ये हे अनुभवलंय. फातोर्ड्याला शेवटचा अर्धा तास मला तेच पाय दिसत होते.

म्हणून म्हणतो, खालिदला 2026 पूर्ण द्या. त्याचा रेकॉर्ड पाहा ना. मुंबई एफसीत सात वर्षं कमी पैशात टीम टिकवली, तिथून गेल्यावर आयझॉलसारख्या छोट्या क्लबला 2016-17 ची आय-लीग (तेव्हाची देशातली मुख्य लीग) जिंकवून दिली, ते पण आदल्या सीझनला खाली घसरलेला क्लब आणि नॉर्थ ईस्टमधून पहिल्यांदाच कोणी ती ट्रॉफी घेतली. हा माणूस कमी सामानात संसार करणारा आहे. आपल्या फुटबॉलला सध्या असाच माणूस परवडतो आणि असाच लागतो.

प्रश्न : आपण गोल का मारू शकत नाही? (नववीतला विद्यार्थी, स्नेहलतागंज)

उत्तर : शाबास, सगळ्यात लहान वाचकानं सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारला. एशियन कपच्या क्वालिफायरमध्ये ढाक्यापर्यंत पाच मॅच झाल्या आणि आपले एकूण गोल किती माहीत आहे? दोन. एक रहीम अलीचा, एक छांगतेचा. आणि समोर कोण, तर हाँगकाँग, सिंगापूर, बांगलादेश, तिघंही रँकिंगमध्ये आपल्या खालचे.

बघ, टीममध्ये सगळ्यात पुढे जो असतो, नऊ नंबर, त्याचं काम वेगळं असतं. पाठीमागे डिफेंडर ढकलत असताना बॉल थांबवायचा, कोणत्या क्षणी पळायचं ते ओळखायचं, आणि समोर गोली एकटा आला की हात-पाय थरथरू द्यायचे नाहीत. हे भिंतीवर बॉल मारून येत नाही, मॅचमध्ये शंभरदा चुकून येतं. आता आपल्या लीगमध्ये एका वेळी चार विदेशी खेळाडू मैदानात ठेवता येतात आणि प्रत्येक क्लब विचार करतो की पैसे खर्च करायचेच तर गोल मारणाऱ्यावर करू. क्लबचं चूक नाही, त्यांना जिंकायचं असतं. पण मग आपल्या पोराला काय मिळतं? तो बाजूला विंगवर जातो, नाहीतर शेवटची दहा मिनिटं मैदानात येतो. 2024-25 च्या आयएसएलमध्ये सगळ्यात जास्त गोल मारले नॉर्थईस्ट युनायटेड क्लबच्या मोरोक्कन अलादीन अजारेनं, 23. आणि भारतीयांमध्ये सगळ्यात जास्त कोणाचे? सुनील छेत्री, 14, वय चाळीस. जो माणूस 2005 मध्ये पाकिस्तानविरुद्ध क्वेट्ट्याला पहिली मॅच खेळला, तोच वीस वर्षांनी पण आपला सगळ्यात चांगला स्ट्रायकर. मानोलोनं त्याला रिटायरमेंटमधून परत बोलावलं तेव्हा खूप जणांनी नावं ठेवली, पण बोलावणार कोणाला होता? मालदीवविरुद्ध त्यानं 95 वा गोल मारला तेव्हा मला आनंद झाला आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं, की अरे याच्या मागे रांगेत कोणीच उभं नाहीये.

माझं मत असं की आयएसएलच्या खालच्या सगळ्या लीगमध्ये तरी पुढच्या जागेवर भारतीय पोरगाच खेळला पाहिजे असं काहीतरी ठरवायला हवं. तू कुठल्या जागेवर खेळतोस ते कळव. नऊ नंबर खेळत असशील तर सोडू नकोस, जागा रिकामी आहे.

प्रश्न : इतकी चर्चा कशाला, एखादा मोठा युरोपियन कोच आणा आणि विषय संपवा. (एक वाचक, रामबाग)

उत्तर : आणला होता ना, स्टिमॅक कोण होता? स्टीफन कॉन्स्टंटाइन 2015 मध्ये दुसऱ्यांदा आला तेव्हा आपण रँकिंगमध्ये 170 च्याही खाली होतो, तिथून त्यानं पहिल्या शंभरात आणलं आणि 2019 च्या एशियन कपमध्ये थायलंडला 4-1 हरवलं, पण त्याला चार वर्षं मिळाली. सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे, मूळचे शाळामास्तर, 1950 पासून 1963 पर्यंत टीम त्यांच्याकडे होती, दोन एशियन गेम्स गोल्ड आणि मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा नंबर. पासपोर्ट कुठला हे बघूच नका, किती वर्षं दिली ते बघा.

प्रश्न : बांगलादेशकडे इंग्लंडमध्ये वाढलेला हमझा चौधरी आला आणि त्यांची टीम बदलली. मग परदेशात जन्मलेले आपले भारतीय वंशाचे खेळाडू आपल्याला का चालत नाहीत? (आयटीत काम करणारा वाचक, विजय नगर)

उत्तर : कायद्यामुळे. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलेला माणूस इंडियाकडून खेळू शकत नाही, त्याला आधी तिकडचा पासपोर्ट सोडावा लागतो. बांगलादेशात तशी अडचण नाही म्हणून हमझा मार्चमध्ये शिलाँगला आपल्याविरुद्ध पहिली मॅच खेळला. आपल्याकडे इझुमी अरातानं जपानचं नागरिकत्व सोडून दाखवलं होतं, आणि आता बेंगळुरू एफसीच्या रायन विल्यम्सनं ऑस्ट्रेलियाचं सोडलं. नोव्हेंबरच्या कॅम्पला तो आला पण ऑस्ट्रेलियाकडून लागणारा कागद वेळेत न आल्यामुळे ढाक्यात खेळू शकला नाही. बत्तिशीत आलेल्या माणसानं आपल्यासाठी इतकं सोडलं याचं मला फार कौतुक आहे.

पण मी याला औषध मानत नाही. आठ-दहा चांगली पोरं बाहेरून आली तर पुढची दोन-तीन वर्षं सुधारतील, मग? आपल्या शहडोल जिल्ह्यात विचारपूर आहे, आदिवासी वस्तीचं गाव, त्याला लोक मिनी ब्राझील म्हणतात, 2023 मध्ये मन की बातमध्ये पण त्याचा उल्लेख झाला होता. घराघरात फुटबॉल खेळणारी पोरं-पोरी. हे आपल्याच मध्य प्रदेशात आहे आणि इंदूरमधल्या किती जणांना माहीत आहे? इंग्लंडपर्यंत शोधायच्या आधी विचारपूरच्या पोराला वर्षाला तीस-चाळीस मॅच मिळतात का ते विचारायला पाहिजे.

प्रश्न : सगळे पुरुषांच्या टीमचंच रडतात. मुलींच्या टीमबद्दल तुम्ही एक ओळ पण लिहीत नाही. मी कॉलेजच्या टीममध्ये खेळते. (विद्यार्थिनी, भंवरकुआँ)

उत्तर : बरोबर बोललीस, चूक माझी आहे. 5 जुलै 2025 ला चियांग माईमध्ये आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्या घरात 2-1 हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि क्वालिफायर खेळून एशियन कपला जायची ही पहिलीच वेळ. त्याच्या आधी मंगोलियाला 13-0, तिमोर-लेस्तेला 4-0, इराकला 5-0. तेव्हाचा कोच क्रिस्पिन छेत्री, तो पण भारतीय. आणि बघ, त्या टीमला जायच्या आधी बेंगळुरूला लांबलचक कॅम्प मिळाला होता. मी वर जे दिवसांचं गणित मांडलं ते याच टीमकडे बघून मला सुचलं. थायलंडनं बरोबरी केल्यावर आपल्या पोरी मागे सरकल्या नाहीत, बॉल मागत राहिल्या, कारण शेजारची कुठे असेल हे त्यांना न बघता माहीत होतं. ते इतके दिवस एकत्र राहिल्याशिवाय येत नाही. 2026 च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाला एशियन कप आहे, त्याचं सगळं या पानावर येणार, शब्द देतो. तुमच्या कॉलेजची मॅच कधी असेल तर तारीख कळव, बघायला येईन.

प्रश्न : मी फौजेत होतो, रेजिमेंटच्या टीमकडून सेंटर हाफ खेळलोय. साठच्या दशकातली टीम रेडिओवर ऐकली आहे. आता वय झालं, इंडियाची मॅच लावली की नातू म्हणतो आजोबा कशाला बघता, हरणारच आहेत. त्याला काय उत्तर देऊ? (महू)

उत्तर : काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. नातवाला काय सांगायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, मी फक्त ढाक्यानंतर मी काय केलं ते सांगतो.

मी दोन दिवस कोणाशी धड बोललो नाही. मग कळलं की अहमदाबादला अंडर-17 चे एशियन कप क्वालिफायर चालू होतायत आणि 30 नोव्हेंबरला, रविवारी, आपली मॅच इराणशी आहे. शनिवारी रात्री बसमध्ये बसलो, थंडी मजबूत, दाहोदला चहा घेतला, सकाळी अहमदाबाद. तोपर्यंत आपण पॅलेस्टाइनशी बरोबरी केलेली, तैवानला हरवलेलं आणि लेबनॉनकडून हरलेलो, म्हणजे इराणला हरवल्याशिवाय गत्यंतर नाही. इराण, ज्यांच्या मोठ्या टीमनं आपल्याला सप्टेंबरमध्ये तीन मारले होते. एकोणिसाव्या मिनिटाला त्यांचा गोल झाला आणि माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, झालं. मी पण मनात तेच म्हणालो, खोटं कशाला बोलू.

पण काका, ती पोरं घाबरलीच नाहीत. सोळा वर्षांची पोरं, इराणी पोरांसमोर उंचीनं खांद्याला लागत होती, तरी बॉल पायात ठेवून खेळत होती. हाफटाइमच्या आधी पेनल्टी मिळाली, दल्लालमुओन गांगतेनं ती आत घातली. 52 व्या मिनिटाला गुनलेइबा वांगखेइराकपमनं दुसरा मारला. मग चाळीस मिनिटं, काका, ते चाळीस मिनिटं मी बसलोच नाही. इराण सारखा चढून येतोय, आपले डिफेंडर अंगावर बॉल घेतायत, गोली ओरडतोय, आणि कोच बिबियानो फर्नांडिस लाइनवर उभा राहून हातानं शांत, शांत असं करतोय. तो गोव्याचा, या वयाच्या पोरांबरोबर कितीतरी वर्षं काम करतोय, आणि हीच पोरं सप्टेंबरमध्ये कोलंबोला सॅफ जिंकून आली होती, म्हणजे महिनोन् महिने एकत्र. 2-1. शिट्टी वाजली तेव्हा शेजारचा तो झालं म्हणणारा माणूस मला मिठी मारून रडत होता, नाव-गाव मी विचारलं पण नाही.

पोरं मैदानाला चक्कर मारून आमच्या बाजूला आली. त्यातल्या एकाचा डावा मोजा घोट्यापर्यंत फाटला होता आणि तो लंगडत होता, तरी प्रत्येक स्टँडसमोर थांबून टाळ्या वाजवत होता. सोमवारी पहाटे इंदूरला उतरलो, पोहे खाल्ले आणि तसाच कामावर गेलो.

2026 च्या मे महिन्यात हीच पोरं सौदीला एशियन कप खेळतील. नातवाला घेऊन माझ्याकडे या, टीव्ही मोठा आहे.